बेचाळीस हजार पाचशे चोवीसचा शेजारी

माझी बायको माणसांशी भांडत नाही. माणसं तिच्या नजरेनेच गप्प होतात, भांडणापर्यंत गोष्ट जातच नाही. पण गेल्या वर्षी तिने एका आकड्याशी असं काही वैर धरलं, की घरात दूध उतू जायला लागलं, दुकानात गिऱ्हाइकं ताटकळायला लागली आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. आकडा होता बेचाळीस हजार पाचशे चोवीस.

ती घड्याळं दुरुस्त करते, मी गिअर कापतो. दुकान एकच, मध्ये काचेची भिंत. पलीकडे ती डोळ्याला भिंग लावून बसते, अलीकडे माझं मिलिंग मशीन घरघरत असतं. माझ्या मशीनचा पितळी चुरा तिच्या घड्याळांत जाऊ नये म्हणून ती भिंत घातली, असं ती सांगते. माझ्या मते ती भिंत माझ्या तोंडासाठी आहे. कारण माझ्या तोंडात सदा एकच वाक्य असतं, 'चालतंय की', आणि ते ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड होतो.

तिचे वडील आमच्याजवळच राहतात. मीही त्यांना बाबाच म्हणतो. तेही घड्याळवाले. आमच्या भागातल्या प्रसूती रुग्णालयात, आत शिरल्या शिरल्या जे मोठं दालन लागतं, तिथल्या भिंतीवर त्यांनी तरुणपणी एक घड्याळ बसवलं. नुसतं घड्याळ नाही. तबकडीच्या खाली एक गोल खिडकी आणि खिडकीत बाळाच्या डोक्याएवढा गोळा, अर्धा काळा, अर्धा पांढरा. गोळा अगदी सावकाश फिरतो. रात्री आकाशात जेवढा चंद्र, तेवढाच खिडकीत पांढरा दिसतो.

म्हणजे दिसायला हवा. बाबांनी त्या काळी हाताने, कानशीने घासून, एकोणसाठ दात्यांचं चाक केलं होतं. दर बारा तासांनी एक दाता पुढे, की साडेएकोणतीस दिवसांत गोळ्याचा फेरा पुरा. खरा चंद्र मात्र त्याहून थोडा जास्त वेळ घेतो. त्यामुळे बाबांचा चंद्र हळूहळू पुढे पळायचा, आणि दर अडीच-तीन वर्षांनी बाबा शिडी लावून चढायचे, त्याला एक दिवस मागे ओढायचे आणि उतरायचे. कुणी विचारलं, "काय हो, चंद्र बरोबर आहे का?" तर हसून म्हणायचे, "जवळपास." त्यावरून सगळं रुग्णालय त्यांना जवळपासकाका म्हणायला लागलं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. शाळकरी लेकीला मात्र ते नाव सुईसारखं टोचायचं. ती आज पन्नाशीची आहे, तरी टोचतंच.

मग बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि शिडी सुटली. त्यातच एकदा जळमटं काढताना कुणाचा तरी लांब झाडू गोळ्याला लागला आणि चंद्र गर्रकन फिरला. तेव्हापासून बाहेर मिट्ट काळोख असला की खिडकीत पौर्णिमा. रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी रंगकाम काढलं, दालनात परांची उभी राहिली, आणि बाईंनी आम्हाला बोलावून सरळ सांगितलं, "घड्याळ राहू द्या, ते मोटरवर छान चालतंय. पण चंद्र काढून खिडकी बुजवा. त्याला दर थोड्या वर्षांनी सारखा करायला माझ्याकडे माणूस नाही. आपला आपण चालणार असेल तर ठेवते. परांची उतरायच्या आत काय ते सांगा."

बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण घरी येऊन हे बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "काढू देत. जुनं झालं." रोज सकाळी दाढी करून दुकानात हिच्या शेजारी स्टुलावर येऊन बसणारा माणूस, दुसऱ्या दिवसापासून खोलीतून बाहेर येईना. दाढी वाढली. चहा पुढे ठेवला तर साय धरेपर्यंत तसाच. आम्ही दोघं घाबरलो, खरं सांगतो. ते त्या गोळ्याबरोबर स्वतःलाच निकालात काढत होते.

"मी असा चंद्र बसवीन," बायको मला म्हणाली, "की कुणाला हात लावावा लागणार नाही. जवळपास नाही. बिनचूक. आणि तोवर बाबांना एक अक्षर बोलायचं नाही. जमलं नाही तर त्यांना दुसऱ्यांदा ऐकायला नको."

इथे तो आकडा आला.

अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी एकोणतीस दिवस, बारा तास, चव्वेचाळीस मिनिटं आणि वर तीन सेकंद लागतात. तीन सेकंद तिने सोडले, तेही मला बजावून, की ही सवलत नाही, नाइलाज आहे. बाकीच्याची मिनिटं केली तर होतात बेचाळीस हजार पाचशे चोवीस. म्हणजे गोळ्याने एवढ्या मिनिटांत एक फेरा घ्यायचा.

गिअरचं गणित तसं सोपं आहे. एक चाक दुसऱ्याला फिरवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि त्यांच्या दात्यांचे आकडे एकमेकांत गुणले जातात. म्हणून मोठा आकडा साधायचा तर आधी तो लहान आकड्यांत फोडायचा आणि त्या तुकड्यांवरून चाकं कापायची. शाळेत आपण अवयव पाडायचो, तेच. आकडा गुणी असला की मटाराच्या शेंगेसारखा उघडतो. तिने याला चारने भागलं, उरले दहा हजार सहाशे एकतीस. आणि तिथे गाडी जी रुतली ती रुतली.

दहा हजार सहाशे एकतीस तिनाने जाईना, साताने जाईना, अकराने जाईना. तिने पॅकिंगच्या पुठ्ठ्यांवर भागाकार मांडायला सुरुवात केली. तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस. काचेच्या पलीकडे पुठ्ठ्यांचा ढीग वाढत होता आणि दुरुस्तीची घड्याळं तशीच पडली होती.

"कुठवर जाणार आहेस?" मी विचारलं.

"एकशे तीनपर्यंत. आकडा फुटायचा असेल तर दोन तुकड्यांतला लहान तुकडा त्याच्या आत सापडायलाच हवा. त्यापुढे शोधण्यात अर्थ नाही."

ती एकशे तीनपर्यंत गेली. प्रत्येक वेळी काही ना काही बाकी उरली. दहा हजार सहाशे एकतीस ही मूळ संख्या आहे. तिला एकाने भागा नाहीतर तिनेच भागा, बाकी कुणाला ती दाद देत नाही. आता एवढ्या दात्यांचं चाक कापायचं म्हटलं तर, घड्याळाचे नेहमीचे बारीक दाते धरूनही, ते पाच मीटरच्या वर जातं. आमचं दुकान साडेतीन मीटर रुंद आहे.

"भिंत पाडू या," मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट मशीन चालू केलं.

तिकडे परांचीवरच्या रंगाऱ्यांचं छत संपलं, ते भिंतीवर आले. रविवारी दुपारी दुकान बंद होतं. ती पुठ्ठे पसरून जमिनीवर बसली होती, डोळे लाल. मला म्हणाली, "अहो, माझंच कुठेतरी चुकलं असणार. तुम्ही कॅल्क्युलेटरवर पहिल्यापासून करून बघा ना. मी डोळे मिटून पडते जरा." एवढी वर्षं झाली लग्नाला, तिने स्वतःहून 'माझं चुकलं असणार' म्हटल्याचं मला आठवत नाही. मला भरून आलं. मी हात पुसून कॅल्क्युलेटर घेतला, आकडा दाबला आणि तिनाने भागला.

"तिनाने जातोय," मी ओरडलो.

"अंकांची बेरीज सतरा आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. "जाणार नाही."

"अगं, जातोय म्हणजे जातोय. चौदा हजार एकशे पंचाहत्तर. वर काही नाही. मशीन काय माझ्या पगारावर आहे, मला खूश करायला?"

"परत करा."

मला राग आला. मी परत केलं नाही, तसाच पुढे गेलो. पुन्हा तिनाने गेला. पुन्हा गेला. पुन्हा. पुन्हा. पाच वेळा तिनाने गेला आणि उरले एकशे पंचाहत्तर, ते पाचाने गेले, परत पाचाने गेले, आणि उरले सात. सात साताने. एक. मी प्रत्येक पायरी मोठ्याने सांगत होतो, लिलाव पुकारल्यासारखा. आकडा शेवटपर्यंत उलगडला आणि हातात काही उरलंच नाही.

ती उठून बसली. माझ्या हातातून कॅल्क्युलेटर घेतला, उलट गुणत गेली आणि थांबली.

"तुम्ही शेवटी चारऐवजी पाच दाबलंत."

झालं. बोटाखालची शेजारची कळ. मला वाटलं आता माझी कंबख्ती भरली. पण ती त्या आकड्याकडे नुसती बघत राहिली. बेचाळीस हजार पाचशे पंचवीस. एक आकडा असा, की डोकं आपटलं तरी फुटत नाही, आणि त्याला लागून बसलेला दुसरा, ज्यात तीन, पाच आणि सात यांच्याशिवाय काही नाही. दोघांत अंतर फक्त एकाचं.

"अगं मग हाच घे ना!" मी म्हणालो. "तासकाट्याचा फेरा सातशे वीस मिनिटांचा, तिथून निघू. एकशे पाच दात्यांचं एक चाक, चोपन्नचं एक, त्यांना फिरवणारी छोटी चाकं आठ आणि बारा दात्यांची. चारही चाकं मी उद्या संध्याकाळपर्यंत देतो. चालतंय की!"

नको ते वाक्य निघून गेलं होतं.

"नाही चालत," ती म्हणाली. "यात दर महिन्याला चंद्र एक मिनिट मागे पडणार. मी बाबांच्या चुकीच्या जागी माझी चूक बसवू? लोकांनी आयुष्यभर त्यांना हसायचं आणि मी पण तेच करायचं? त्यापेक्षा बुजवू दे खिडकी."

"तू तीन सेकंद सोडलेसच ना? मग हे सत्तावन्न आणखी."

"तो नाइलाज होता."

"आणि हा काय शौक आहे?" माझाही आवाज चढला. "तिकडे म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसलाय आणि तू इथे मिनिटं मोजतेयस! तुला बाबा हवेत की बिनचूक हवं, एकदाचं ठरव."

हे मी बोलायला नको होतं, पण बोललो, आणि तसाच तणतणत बाबांच्या खोलीत गेलो. एक अक्षर बोलायचं नाही ही ताकीद पायदळी तुडवून त्यांना सगळं सांगून टाकलं. हट्टी आकडा, भागाकार, माझी चुकलेली कळ, तिचा नकार, सगळं. बाबा ऐकत होते. मी संपवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाच वेळा तिनाने गेला?"

"पाच वेळा, बाबा."

"काठी द्या ती."

ते दुकानात आले. ती पुठ्ठे गोळा करत होती, मला बघून तिचे डोळे वटारले गेले आणि मागे बाबांना बघून खाली गेले. बाबा त्यांच्या स्टुलावर बसले, जरा दम खाल्ला.

"पोरी, एक दिवस चुकायला किती वर्षं लागतील?"

तिने हिशेब करून ठेवलेलाच होता, नुसती विचारायची खोटी. "वर्षाला बारा मिनिटं, त्याहून थोडी कमीच. एक दिवस मागे पडायला एकशे वीस वर्षांच्या वर."

"आणि माझा अडीच-तीन वर्षांत पळायचा." बाबा हसले. कितीतरी दिवसांनी त्यांचे दात दिसले. "अगं, आकाशातला तरी दर महिन्याला तितकाच वेळ घेतो का? कधी चार-सहा तास आधीच येतो, कधी उशिरा. हा तुझा बेचाळीस हजारांचा आकडा नुसती सरासरी आहे. त्याच्यासाठी तू जेवण सोडलंस?"

"ते मला माहीत आहे, बाबा. पण लोक तुम्हाला हसायचे. जवळपासकाका म्हणायचे. मला नाही सहन व्हायचं."

बाबांना खरंच आश्चर्य वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुला ते एवढं लागलं होतं? बोलली नाहीस कधी! अगं, मला ते नाव आवडायचं. शिडी लावली की वॉर्डातून बायका बाळं घेऊन बाहेर यायच्या. कुणी म्हणायची, काका, माझी झाली तेव्हा केवढा होता ते दाखवा ना फिरवून. मी दाखवायचो. नर्सबाई चहा द्यायच्या. दर अडीच-तीन वर्षांनी माझी वाट बघणारं एक ठिकाण होतं. बिनचूक चाक केलं असतं, तर मला परत कुणी बोलावलं असतं?" त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. "मला वाईट चंद्र चुकल्याचं नाही वाटलं. आता मला चढता येत नाही, त्याचं वाटलं."

ती रडली. माझी बायको, जिच्या नजरेने वसुलीवालेसुद्धा गप्प होतात, ती पुठ्ठ्यांच्या ढिगात बसून हुंदके देत रडली. मी काय करणार, पाणी आणून दिलं.

"एकशे वीस वर्षांनी कुणीतरी चढेल," बाबा म्हणाले. "तेव्हा आपण तिघंही नसू. कोण असेल कोण जाणे. पण चंद्र मागे पडलाय हे त्याच्या लक्षात येईल, तो शिडी लावेल आणि एक दिवस पुढे ढकलेल. तेवढं काम ठेव की त्याच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी आम्ही चाकं कापली. आम्ही म्हणजे, मशीन माझं, नजर तिची आणि मोजणी बाबांची. एकशे पाच दाते समान अंतरावर पाडायचे तर चाक प्रत्येक दात्यानंतर ठरावीक सरकवावं लागतं. त्यासाठी भोकं पाडलेली एक तबकडी असते, तिचं हँडल चाळीस वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं, म्हणून एकवीस भोकांच्या वर्तुळावर दर वेळी आठ भोकं पुढे जायचं. मध्येच कुणी हाक मारली आणि सात नाहीतर नऊ झाली, की शेवटचा दाता पहिल्याशी जुळत नाही आणि चाक भंगारात. माझी तशी बरीच गेली आहेत. त्या दिवशी बाबा स्टूल ओढून अगदी मशीनला लावून बसले. दाढी केलेली. दर सरकवणीला आठपर्यंत मोजायचे आणि मग म्हणायचे, "हां, घ्या जावईबापू." दारात गिऱ्हाईक आलं तर काठी वर करून त्याला तिथेच थांबवायचे. शेवटचा दाता पहिल्याला इतका नेमका येऊन भिडला, की बायकोने भिंग लावून पाहिलं आणि काही बोलली नाही. आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

परांची उतरायच्या बेतात असताना आम्ही रुग्णालयात पोहोचलो. रंगाऱ्यांनी सगळं आवरत आणलं होतं. खिडकी तेवढी कागद चिकटवून बुजवण्यासाठी ठेवली होती. बायकोने वर चढून कागद फाडला, जुनं एकोणसाठ दात्यांचं चाक काढून माझ्या हातात दिलं, नवी चाकं बसवली, फिरवून पाहिली. आता गोळा आजच्या चंद्रावर लावायचा राहिला होता. एकदा तरी तो हातानेच लावावा लागतो, त्याला इलाज नाही.

"बाबा," तिने वरून हाक मारली, "हे तुम्ही करा."

मी म्हटलं, हिला वेड लागलंय. पण परांचीला शिडी नव्हती, चढती फळी होती, रुंद आणि दोन्ही बाजूंना धरायला बांबू. दोन रंगारी पुढे झाले, एकाने पुढून हात धरला, दुसरा मागे राहिला, आणि बाबा एक एक पाऊल टाकत, मध्ये मध्ये रंगाऱ्यांना रंगाबद्दल सल्ला देत, वर पोहोचले. खाली नर्सबाई जमल्या. दोन-तीन बायका कुशीत बाळं घेऊन आल्या. बाबांनी गोळ्यावर तळहात ठेवला आणि हळूच फिरवला. पांढऱ्याची एक बारीक कड खिडकीत आली. कालच्याहून जरा मोठी कोर, आकाशात होती तेवढी.

तेवढ्यात मुख्य डॉक्टरीणबाई आल्या. वर बघून त्यांनी विचारलं, "मग? आता बिनचूक ना?"

मी मनात म्हटलं, हो म्हण. बाई गं, एकदा आयुष्यात नुसतं हो म्हण. एकशे वीस वर्षांनी कोण जाब विचारायला येणार आहे?

"नाही," बायको वरून म्हणाली. "महिन्याला एक मिनिट मागे पडतो. सव्वाशे वर्षांच्या आसपास एकदा कुणाला तरी चढावं लागेल."

मी जुनं चाक घट्ट धरून उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मी रोज इथे बायकांना तारखा देते. आठवडे मोजून, मशीनवर बघून देते. त्यातली शंभरात चार-पाच बाळं त्या तारखेला येतात. बाकीची आपल्या मर्जीने, कुणी आठवडाभर आधी, कुणी नंतर. त्यांना मी परत पाठवत नाही. आणि तुम्ही मला एका मिनिटाचं सांगताय?" मग रंगाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "खिडकी राहू द्या. कडेने नीट रंग मारा, चंद्रावर शिंतोडे नकोत."

बायको माझ्याकडे बघून हसली. मला तिचा इतका अभिमान वाटला की बोलायला शब्द सुचेनात, आणि हे माझ्या बाबतीत सहसा होत नाही. खालून एका बाळंतिणीने मान वर करून विचारलं, "काका, माझा मुलगा परवा झाला. तेव्हा केवढा होता हो?"

"थांब, दाखवतो," बाबा म्हणाले, आणि त्यांनी चंद्र दोन दिवस मागे फिरवला. मग दुसरीने विचारलं. मग तिसरीने. रंगारी परांची सोडवायला खोळंबले होते, पण बाबा काही खाली यायला तयार नव्हते.